श्रवणताल

जानेवारीचा शेवटचा आठवडा होता. कान्हा राष्ट्रीय उद्यानाच्या मुक्की येथील फाटकापाशी उघड्या जिप्सींची रांग लागली होती आणि उजाडायला अजून अवकाश होता. थंडी अशी, की बोलणाऱ्याच्या तोंडून शब्दाआधी वाफ बाहेर पडावी. खिडकीतला कर्मचारी परवान्यांवरील नावे ओळखपत्रांशी ताडून पाहत होता. कोणी गळ्यात दुर्बीण अडकवीत होते, कोणी हातभर लांबीची भिंगे कॅमेऱ्यावर चढवीत होते, आणि जो तो एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारीत होता: काल दिसला का? काय दिसला, हे कोणी उच्चारीत नव्हते. त्याची गरजही नव्हती.

रांगेतील चौथ्या गाडीत तिघेजण होते. नागपूरच्या एका महाविद्यालयात संस्कृत शिकवून निवृत्त झालेले सत्तरीचे अध्यापक, त्यांची पत्नी, आणि त्या दोघांना घेऊन आलेला त्यांचा मुलगा. प्रवासाची कल्पना बाईंची. दीड वर्षापूर्वी त्यांना काचबिंदूचे निदान झाले होते. या विकारात दृष्टी बहुधा कडेकडून विझत मध्याकडे येते. समोरचे दिसत राहते आणि आजूबाजूचे जग मात्र हळूहळू नाहीसे होत जाते. गेलेली दृष्टी परत येत नाही, उरलेली औषधाने राखायची असते. डॉक्टरांनी हे समजावून सांगितले तेव्हा बाईंनी घरी येऊन एवढेच म्हटले होते, "चाळीस वर्षं यांच्या तोंडून तपोवनं ऐकली. एकदा अरण्य बघून घेऊ द्या." मुलाने परवाने काढले, गाडी ठरवली, आणि शेजारपाजाऱ्यांनी त्याला श्रावणबाळ ही पदवी देऊन टाकली.

फाटक उघडण्यापूर्वी वाटाड्या चालकाच्या शेजारी येऊन बसला. चाळिशीचा, गोंड समाजातला, अंगात खाकी स्वेटर आणि कानांवर ओढलेली लोकरी टोपी. प्रत्येक गाडीबरोबर स्थानिक वाटाड्या असलाच पाहिजे, असा येथील नियम आहे. त्याने हिंदीत नमस्कार केला, सर्वांच्या गुडघ्यांवर कांबळी नीट पसरली आहेत याची खात्री करून घेतली, आणि मग आपल्या कानांवरची टोपी वर सरकवली. त्या कडाक्याच्या थंडीत त्याने असे का करावे, याचा उलगडा थोड्या वेळाने झाला.

सातपुड्याच्या मैकल रांगांमध्ये, मंडला आणि बालाघाट या दोन जिल्ह्यांत पसरलेले हे अरण्य. बंजर आणि हालोन या नद्यांची खोरी, त्यांतील सालवृक्षांची दाट वने, उतारांवरील बांबू, डोंगरमाथ्यांवरील पठारे, ज्यांना इकडे दादर म्हणतात, आणि मध्येच एकदम उघडणारी विस्तीर्ण कुरणे. 1933 मध्ये यातील काही भाग अभयारण्य झाला, 1955 मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, आणि 1973 मध्ये व्याघ्रप्रकल्प सुरू झाला तेव्हा पहिल्या नऊ क्षेत्रांत कान्ह्याची गणना झाली. उद्यानाचे क्षेत्र सुमारे 940 चौरस किलोमीटर. कान्हा हे नाव कण्व मुनींवरून आले असे मानणारे पुष्कळ आहेत. अध्यापकांनाही ते मत प्रिय होते, कारण त्या नावाबरोबर शाकुंतलाचा पहिला अंक येतो: मृगामागे रथ दौडवीत आलेला राजा, आणि हा आश्रमाचा मृग आहे, याला मारू नकोस, असे म्हणत आडवा येणारा तपस्वी. वाटाड्याने त्यांचे ऐकून घेतले आणि खाली उतारावरच्या काळ्या चिकण मातीकडे बोट दाखवले. "या मातीला आमच्याकडे कन्हार म्हणतात, बाबूजी. काही लोक म्हणतात, नाव त्यावरून पडलं." अध्यापक हसले. दोन्ही व्युत्पत्ती त्यांनी मनात शेजारीशेजारी ठेवल्या.

दोन-तीन किलोमीटर आत गेल्यावर वाटाड्याने गाडी थांबवून इंजिन बंद करायला सांगितले. मागच्या गाड्या धूळ उडवीत पुढे निघून गेल्या. मुलाच्या चेहऱ्यावर अस्वस्थता उमटली. तासातासाचे पैसे मोजून आलेल्या माणसाला थांबणे हा अपव्यय वाटतो. वाटाड्या म्हणाला, "आता फक्त ऐकायचं." टोपी वर सरकवण्याचे कारण तेव्हा कळले.

प्रथम काहीच ऐकू आले नाही. मग सालाच्या पानांवरून दव टपकण्याचा आवाज आला, आणि तो इतका वेळ चालूच होता, हे लक्षात आले. दूर कुठे तरी मोर ओरडला. वाटाड्या हलक्या स्वरात सांगू लागला. वाघ किंवा बिबट्या हिंडू लागला की अरण्य त्याची बातमी देते. चितळ शिट्टीसारखे तीक्ष्ण ओरडते, वानर घसा खाकरल्यासारखे खेकसते, सांबर एकदाच, पण घंटेवर टोला पडावा तसे, 'ढांक' म्हणते. या हाकांना येथील सगळे 'कॉल' म्हणतात. मात्र प्रत्येक हाकेचे मोल सारखे नसते. चितळ भित्रे, ते पान हलले तरी ओरडते. वानर उंचावर बसून पाहते, म्हणून त्याचे म्हणणे ऐकावे. सांबर सहसा उगीच बोलत नाही. आणि भृंगराज पक्षी इतर पक्ष्यांच्या धोक्याच्या हाकांची हुबेहूब नक्कल करतो. त्याच्या भरवशावर कोणी गाडी पळवू नये. "एका साक्षीदारावर निकाल देत नसतात," वाटाड्या म्हणाला.

अध्यापकांना वर्गात शिकवलेले न्यायदर्शन आठवले. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द ही ज्ञानाची चार साधने. त्यांतील शब्द म्हणजे आप्ताचे, विश्वसनीय माणसाचे सांगणे. कोणाला आप्त म्हणावे, यावर त्यांनी कित्येक तास घालवले होते. येथे एक मनुष्य सांबर, वानर आणि चितळ यांची आप्ततेनुसार प्रतवारी लावून बसला होता आणि तिच्यावर त्याचा चरितार्थ चालत होता.

बाई मात्र काही विचारीत नव्हत्या. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. "आई, झोप लागली का?" मुलाने विचारले. "नाही रे. उघडे ठेवले की एका वेळी एवढंसंच दिसतं. मिटले की चारी बाजूंचं ऐकू येतं."

सोंफच्या कुरणावर गाडी पोचली तेव्हा धुके नुकतेच वर सरकत होते. कमरेइतके उंच, वाळून सोनेरी झालेले गवत दूरवर पसरले होते आणि त्याच्या टोकांवर दवाचा पांढरा थर होता. धुक्याच्या आतून एक आवाज आला. हंबरणे आणि शिंग फुंकणे यांच्या मधला, चढत जाऊन अचानक तुटणारा. बाईंनी डोळे उघडले. मुलाने त्यांची हनुवटी हलकेच वळवून दिशा दाखवली आणि त्यांच्या दृष्टीच्या उरलेल्या झरोक्यात एक बाराशिंगा नर आला. माजाचा हंगाम उतरणीला लागला होता, तरी त्याचा डौल कायम होता. शिंगांच्या फांद्यांत त्याने गवताचे झुबके गुंतवून घेतले होते, जणू मुंडावळ्या. त्याच्यामागे माद्यांचा कळप चरत होता.

या प्राण्याची हकीकत वाटाड्याला पाठ होती, आणि ती पाठ असण्यासारखीच आहे. बाराशिंगे तराईतही आहेत आणि आसामातही. परंतु ते दलदलीत राहणारे, पसरट खुरांचे. मध्य भारतातील ही उपजाती कठीण भूमीवर वावरणारी, आवळ खुरांची. एके काळी मध्य भारताच्या सालवनांत ती ठिकठिकाणी होती. शिकारीने, शेतीने आणि गुरांच्या चराईने ती आटत गेली आणि अखेरीस जगात कान्हा हेच तिचे ठिकाण उरले. 1970 च्या गणनेत येथे 66 बाराशिंगे मोजले गेले. हा प्राणी जवळजवळ पूर्णपणे गवतावर जगतो, आणि पाडसे लपवण्यासाठी मादीला उंच गवत लागते. गावाची गुरे ज्या कुरणावर चरतात तेथे उंच गवत उरत नाही. त्या काळी मंडल्याचे जिल्हाधिकारी असलेल्या एम. के. रणजितसिंह यांनी या प्राण्यासाठी पुढाकार घेतला. पुढे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या घडणीतही त्यांचा मोठा वाटा होता. 1970 च्या सुमारास सोंफ गाव येथून उठले. कुंपण घालून, हिंस्र श्वापदांना दूर ठेवून काही बाराशिंगे वाढवण्यात आले. शेतांच्या जागी गवत आले, गवताबरोबर कळप वाढले. आज त्यांची संख्या हजाराच्या घरात आहे, आणि 2015 पासून सातपुडा व्याघ्रप्रकल्पातही त्यांना नेऊन वसवले गेले आहे. जगाच्या पाठीवरून पुसली जाणारी एक उपजाती माणसांच्या प्रयत्नाने परत आली. अशी उदाहरणे फार नाहीत.

"म्हणजे हे गवत गावाच्या जागेवर आहे," बाई म्हणाल्या.

"हो, माताजी. इथली बरीच मैदानं तशीच आहेत." थोडा वेळ थांबून वाटाड्याने सहज स्वरात पुढे म्हटले, "आमचं गावसुद्धा असंच उठलं. दुपारच्या फेरीला त्या बाजूनं जाऊ, तेव्हा दाखवीन."

त्या सहजतेमुळेच कोणाला पुढे काही विचारता आले नाही.

कान्हा येथील तळावर गाडीतून उतरण्याची मुभा असते. एरवी अरण्यात पाय जमिनीला लावायचा नाही, हा कडक नियम. तेथे सगळ्या गाड्या एकत्र आल्या होत्या. गाड्यांच्या पुढच्या भागावर पुऱ्या, उकडलेली अंडी, केळी, चहाच्या थर्मास बाटल्या मांडल्या गेल्या होत्या आणि 'दिसला का' याचा बाजार भरला होता. ज्यांना दिसला होता ते कॅमेऱ्याच्या चौकटीत तो इतरांना दाखवीत होते. ज्यांना दिसला नव्हता त्यांच्या चेहऱ्यांवर फसवणूक झाल्याचा भाव होता. त्यांना सालवन दिसले होते, गव्यांचा कळप दिसला होता, उंच फांदीवरून टेहळणारा मोरघार दिसला होता; परंतु ते सारे हिशेबात धरायचे नाही, असा जणू अलिखित करार होता.

याचे कारणही समजण्यासारखे आहे. 1972 मध्ये देशभर पावलांच्या ठशांवरून वाघांची गणना झाली तेव्हा आकडा 1827 निघाला आणि त्या आकड्याच्या धसक्यातून व्याघ्रप्रकल्प उभा राहिला. आज छुप्या कॅमेऱ्यांच्या साह्याने गणना होते. 2022 चा अंदाज 3682 वाघांचा आहे. पद्धती वेगळ्या असल्याने या दोन आकड्यांची वजाबाकी करणे योग्य नव्हे, तरी वाघ वाचला याबद्दल शंका उरत नाही. पण ज्या प्राण्याच्या नावाने अरण्य वाचवायचे, तोच प्राणी अरण्याला झाकून टाकतो. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्रप्रकल्पांच्या गाभाक्षेत्रातील पर्यटनाला काही महिने स्थगिती दिली होती. नंतर नियम घालून ते पुन्हा सुरू झाले. गाड्यांच्या संख्येवर मर्यादा आल्या. पाहणाऱ्याच्या घाईवर मर्यादा घालणारा नियम अजून निघायचा आहे.

अध्यापक त्या गर्दीपासून थोडे दूर उभे राहिले. अरण्यावर लिहिणाऱ्यांची एक परंपरा मराठीत आहे. मारुती चितमपल्ली यांची हयात वनखात्याच्या नोकरीत अरण्यात गेली. व्यंकटेश माडगूळकर नागझिऱ्यात मुक्काम ठोकून राहिले आणि त्यातून त्यांचे पुस्तक झाले. याच कान्ह्यात 1963 ते 1965 या काळात जॉर्ज शॅलर यांनी हरणे आणि वाघ यांचा अभ्यास केला; 1967 मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा ग्रंथ आजही आधारभूत मानला जातो. या सर्वांपाशी वेळ होता. सकाळचे साडेचार तास आणि दुपारचे तीन तास एवढ्या भांडवलावर अरण्याकडून जे मागायचे ते बेतानेच मागावे, असे त्यांच्या मनात आले.

तळाजवळच श्रवणताल आहे. मातीचा बांध घालून अडवलेले लहानसे तळे. त्याचे पाणी उन्हाळ्यातही आटत नाही, आणि पाणवनस्पती खाण्यासाठी बाराशिंगे त्यात पोटापर्यंत उतरतात. पूर्वी कान्हा गाव हेच पाणी पीत असे. वाटाड्याने गाडी बांधाशेजारी उभी केली आणि नेहमीच्या लयीत कथा सांगितली. श्रवणकुमार आपल्या आंधळ्या आईवडिलांना कावडीत बसवून यात्रेला निघाला होता. त्यांना तहान लागली म्हणून तो या तळ्यावर आला. तिकडच्या डोंगरावर दशरथ राजा मचाण बांधून बसला होता. घागर भरण्याचा आवाज त्याने ऐकला आणि बाण सोडला. श्रवणाला जेथे अग्नी दिला ती जागाही इथे जवळच दाखवतात.

"आणि तुझी कावड पेट्रोलवर चालते," बाई मुलाला म्हणाल्या. तो लाजला. अध्यापक हसले आणि लगेच गंभीर झाले. वाल्मीकींच्या कथेत हा प्रसंग शरयूच्या तीरावर घडतो. राम वनात निघून गेल्यावर, मरणाच्या रात्री, दशरथ तो कौसल्येला सांगतो. तेथे त्या मुलाला नावही नाही. तो केवळ एका तपस्व्याचा पुत्र आहे. श्रवण हे नाव नंतरच्या परंपरेने दिले आणि लोकांनी आपापल्या गावच्या तळ्यांपर्यंत ही कथा आणून पोचवली. श्रवण म्हणजे ऐकणे. ऐकण्याच्या चुकीने मेलेल्या मुलाचे नाव 'ऐकणे' असावे, या योगायोगाकडे इतक्या वर्षांत अध्यापकांचे लक्ष गेले नव्हते.

इतक्यात पलीकडच्या नाल्यातून सांबर ओरडले. एकदाच. मग पुन्हा. वाटाड्याचा हात वर गेला. झाडावरचे वानर खेकसले. दोन साक्षीदार झाले. बघता बघता तळावरच्या गाड्या सुरू झाल्या आणि एकामागून एक नाल्याच्या दिशेने धावल्या. चालकाने किल्लीला हात घातला. वाटाड्याने मानेनेच नको म्हटले. "सगळे तिकडे गेले की तो तिकडे येत नाही. इथंच थांबू."

पुढची दहा मिनिटे चौघेही श्वास रोखून बसले. सांबराची हाक पुन्हा आली. "डावीकडे सरकलाय," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे मिटलेले होते. वाटाड्याने चमकून मागे पाहिले आणि मान डोलावली. बांबूच्या बनापाशी एक चितळ ओरडले, त्याच्या पुढे आणखी एक. न दिसणाऱ्या कोणाचे तरी चालणे हाकांच्या खुणांनी अरण्यावर रेखले जात होते: नाल्यातून बांधाच्या मागे, बांधामागून बनात, बनातून वर डोंगराकडे. मग हाका विरळ झाल्या आणि थांबल्या. तळ्यात एका बगळ्याने पाय बदलला. वाघ आला होता आणि गेला होता. कोणालाही तो दिसला नाही.

मुलाने कॅमेरा खाली ठेवला. आईला एकदा तरी वाघ दिसावा, एवढ्यासाठी त्याने सारा खटाटोप केला होता आणि ते त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते. बाईंनी त्याच्या हातावर हात ठेवला. "मला कळला ना तो. कुठून कुठं गेला, सगळं कळलं."

परतीच्या वाटेवर अध्यापकांच्या मनातून दशरथ जाईना. शब्दवेधी बाणाची कला हा त्याच्या तारुण्याचा अभिमान होता. त्याच्या कानाने दगा दिला नव्हता. आवाज जेथून आला तेथेच बाण लागला. पाण्यात बुडणाऱ्या घागरीचा नाद त्याला पाणी पिणाऱ्या हत्तीचा वाटला. ऐकू आले ते खरे होते. पलीकडे कोण आहे, हे मात्र त्याने विचारले नव्हते. बाणाला विचारण्याइतका वेळ नसतो. वाटाड्याही आवाजावरून अनुमानच करीत होता, पण तो दुसऱ्या साक्षीदारासाठी थांबत होता.

दुपारच्या फेरीत रांगेच्या क्रमाने तोच वाटाड्या वाट्याला आला. ऊन कलले होते. मुख्य वाट सोडून गाडी एका लहान कुरणाच्या कडेला आली तेव्हा त्याने चालकाला वेग कमी करायला सांगितले. परिचित दृष्टीला तेथे फक्त गवत दिसले असते. पण नीट पाहिले तर एका कडेला जुन्या बांधाची वळकटी होती. तिच्याजवळ साजाचा एक जुना वृक्ष होता. मराठीत त्याला ऐन म्हणतात. साजाच्या झाडात बडादेवाचा वास असतो, अशी गोंडांची श्रद्धा आहे. आणि पलीकडे, सालवनाच्या काठाला, तीन आंबे होते. अरण्यातल्या झाडांसारखे इतस्ततः उगवलेले नव्हेत, तर एका ओळीत, सारख्या अंतरावर लावलेले.

"बांधाकडून तिसरा आमचा," वाटाड्या म्हणाला. "आजोबांनी लावलेला."

गाव उठले तेव्हा तो जन्मलाही नव्हता. वडील आठ-दहा वर्षांचे होते. बैलगाड्यांतून कोठारातले धान्य आणि घराची लाकडे नेली, एवढे त्यांना आठवत असे. बदल्यात जमीन मिळाली, घरासाठी जागा मिळाली. पुढे शाळा जवळ आली, रस्ता आला. "मी शिकलो ते तिथं गेल्यामुळंच. इथं राहिलो असतो तर वाटाड्या झालो नसतो." हे त्याने तक्रारीच्या सुरात सांगितले नाही आणि समाधानाच्या सुरातही नाही. आजी अजून आहे. पंच्याऐंशीच्या पुढची आहे. गाव सोडताना ती भर संसारातली बाई होती.

"त्यांना कोणी विचारलं होतं का?" अध्यापकांनी विचारले.

"आजीला? तेव्हा विचारायची रीत नव्हती, बाबूजी. साहेब आले, सांगितलं, गाव निघालं."

आज ती रीत कायद्यात आली आहे. 2006 चा वनहक्क कायदा अशा स्थलांतरापूर्वी ग्रामसभेची मुक्त, माहितीपूर्ण आणि लेखी संमती मागतो. ती संमती कशी घेतली जाते आणि तिच्यात मुक्त किती असते, हा वादाचा विषय राहिला आहे. तरीही प्रश्न विचारला गेला पाहिजे, एवढे तरी आता मान्य झाले आहे. त्या बाराशिंग्यांना मात्र तेवढे थांबण्याइतका वेळ होता का? 66 या आकड्यापाशी उभे राहिलेल्या माणसाला काय सुचले असते? अध्यापकांनी दोन्ही बाजू तोलून पाहिल्या आणि त्यांना निकाल देता आला नाही. समोरच्या गवतात एक बाराशिंगी मादी मान वर करून गाडीकडे पाहत होती. तिच्या मागे वर्षभराचे पाडस होते. ज्या गवतात ते जन्मल्यानंतर लपले होते, ते गवत त्या तीन आंब्यांच्या मालकांनी रिकाम्या केलेल्या शेतात उगवले होते. ही दोन्ही सत्ये एकाच कुरणावर उभी होती, आणि एकाने दुसरे खोडून निघत नव्हते.

"तुम्ही जाता का कधी त्या झाडापाशी?" बाईंनी विचारले.

"उतरायची परवानगी नाही, माताजी." तो हसला. "बारा वर्षं झाली. रोज वीस पावलांवरून जातो. हात लावलेला नाही. आंबे वानरं खातात, अस्वल खातं. पूर्वी वानरांवर राखण बसायची, असं आजी सांगते."

वाऱ्याची एक झुळूक कुरणावरून गाडीकडे आली. बाईंनी मान वर केली. झाड त्यांच्या दृष्टीच्या टप्प्यात नव्हते आणि कोणी त्यांची हनुवटी तिकडे वळवलीही नव्हती. "मोहोर आलाय," त्या म्हणाल्या. अध्यापकांनी दुर्बीण लावली. तिसऱ्या आंब्याच्या शेंड्याला, ऊन पडत होते तेथे, पिवळसर तुरे नुकतेच फुटू लागले होते. पहिल्या दोन झाडांवर अजून काही नव्हते.

फाटक बंद व्हायची वेळ जवळ येत होती. चालकाने गाडी वळवली. सालवनात अंधार लवकर उतरतो. कुरणावर ऊन असतानाच वाटेवर सांज झाली. फाटकाजवळ आल्यावर वाटाड्या उतरला, मुलाने त्याला पैसे दिले, त्याने ते न मोजता खिशात ठेवले. बाईंनी त्याला जवळ बोलावले.

"आजींना सांगा, झाडाला मोहोर आलाय. मी सांगितलंय म्हणून सांगा."

"सांगतो, माताजी. रोज विचारते ती. संध्याकाळी घरी गेलो की पहिला प्रश्न तोच." मग टोपी कानांवर ओढून घेत तो म्हणाला, "पावसाळ्यात तीन महिने उद्यान बंद असतं. मी इकडे येतही नाही. तरी विचारते. तेव्हाही सांगतो, आलाय म्हणून. आज खरं सांगेन."

मागच्या गाडीतून कोणी तरी त्याला हाक मारून विचारले, दिसला का? त्याने हातानेच नाही म्हणून सांगितले आणि तो सायकल काढायला निघून गेला.